अकरा दिवसांची रिकामी जागा

हेमलताबाईंनी कॅसेट तिसऱ्यांदा लावली, फोन टेपजवळ धरला, आणि फोनवर तिसऱ्यांदा तेच उमटलं: 'यात फक्त खरखर होती. ती काढून टाकली आहे.'

"मेल्या, तीच तर हवी होती," बाई करवादल्या.

हल्ली प्रत्येक माइकमध्ये ध्वनिशोधक चिप असते. नकोसा आवाज गाळायचा, तुटलेला अंदाजाने जोडायचा, हे तिचं काम. आणि ती बंद करायची सोय कोणी ठेवलेली नाही. माणसाला साधं खोकायचीही चोरी.

बाईंचा भाऊ विद्याधर याने १९८७ साली घरीच संगणक जुळवला होता. गावच्या विहिरींतली क्षारता वर्षभर मोजून त्याने या कॅसेटवर साठवली होती: शून्यासाठी जाड सूर, एकासाठी बारीक. ऐकणाऱ्याला नुसती किरकिर. विद्याधर आता हयात नव्हता आणि गुरुवारी सुनावणी होती. कोळंबीच्या तळ्यांनी विहिरी खारवल्या, असं गावाचं म्हणणं. पाणी पहिल्यापासूनच खारट होतं, असं तळेवाल्यांचं. तळी येण्याआधीच्या गोड्या पाण्याचा पुरावा काय तो एवढाच. तो गेला की तळी राहणार आणि गाव उठणार.

सरपंच निसार मुकादम, बाईंचा आयटीआयमधला विद्यार्थी, कॅसेट घेऊन शहरातल्या प्रयोगशाळेत गेला आणि खुशीत परतला. तीनशे पासष्ट दिवस, एकही आकडा गहाळ नाही.

बाईंनी ऑगस्ट काढला आणि त्यांचं डोकं फिरलं. "हे अकरा दिवस विद्याधर विषमज्वराने इस्पितळात होता. विहिरीवर कोण गेलं होतं, ह्यांचा काका?"

प्रयोगशाळेच्या यंत्रातही तसलीच चिप होती; तिने मागचेपुढचे आकडे पाहून मधले घडवले होते आणि चूक पकडायला विद्याधरने ठेवलेली पडताळ्याची बेरीजही जुळवून टाकली होती.

मग बाईंनी भंगारातले सुटे भाग आणून स्वतःच बिनचिपचं सर्किट जुळवलं. टेपची लहरती लाट सरळ चौकोनी ठोक्यांत बदलायची आणि ठोके मोजायचे, बस्स. अक्कल अजिबात नको. पहिल्यांदा कचरा आला, कारण टेपचं हेड तिरकं होतं. स्क्रू पिळला, तर टेप फिरवणारा रबरी पट्टा सुटला. बाईंनी कपाळावर हात मारला, पट्टा बसवला, आणि संध्याकाळी पडद्यावर आकडे सरकू लागले. तीनशे चोपन्न. ऑगस्टमध्ये भलंमोठं भोक.

"बाई, सुनावणीत पुराव्याची छाननी यंत्रच करतं," निसार म्हणाला. "सलग नोंद नसली की संशयास्पद म्हणून बाजूला टाकतं. प्रयोगशाळेची प्रत देऊ. पाणी गोडच होतं ना?"

"होतं."

"मग खोटं काय त्यात?"

बाईंना संताप आला, कारण तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. प्रॅक्टिकलच्या वहीत न मोजता आकडे भरले म्हणून याच निसारला त्यांनी एकदा वर्गाबाहेर काढलं होतं. त्यालाही ते आठवलं असावं. त्याने मान खाली घातली आणि बाईंची भोकाची प्रत फाइलमध्ये ठेवली.

"अकरा दिवसांचं विचारलं तर?"

"माझा भाऊ आजारी होता म्हणून सांग."

"सांगेन," निसार दारात थबकला. "पण बाई, ऐकायला तिथे माणूस असेल ना?"