सातव्या सापळ्यातल्या माश्या

"सातव्यात पुन्हा शून्य," नेलिदाने वहीत लिहिलं आणि ती आंब्याच्या बुंध्याला टेकून बसली.

पिउरा प्रांतात, उन्हाळी सुट्टीत गावच्या आंबेवाल्यांच्या गटाने पोरांना हे काम दिलं होतं. दर शुक्रवारी बागांमधल्या वीस सापळ्यांतल्या फळमाश्या मोजायच्या. सापळे म्हणजे आंबूस आमिष भरलेल्या बाटल्या. चालून चालून नेलिदा, ओस्वाल्दो आणि यानिरा या तिघांचे पाय भरून आले होते.

"शून्य तर शून्य. घरी चल ना," ओस्वाल्दो कंटाळून म्हणाला.

"सहाव्यात नऊ, आठव्यात अकरा. मग सेफेरिनोमामाच्याच बागेत एकही कशी नाही?"

छोट्या यानिराने बाटली हुंगली. "याला वासच नाही. नुसतं पाणी आहे."

म्हणजे कुणीतरी आमिष ओतून टाकलं होतं. मग नेलिदाने दुसऱ्या बाटलीत आमिष भरलं आणि ती शेजारच्याच झाडावर, दाट पानांत टांगली.

पुढच्या शुक्रवारी सातव्यात शून्य आणि लपवलेल्या बाटलीत तेवीस! बागेच्या मागे त्यांना इतक्या माश्यांचं कारणही सापडलं. गळून सडलेल्या आंब्यांचा ढीग पडला होता, आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या.

नेलिदाने दोन्ही बाटल्या गटाच्या बैठकीत टेबलावर ठेवल्या. मामाने मान खाली घातली.

"मीच पाणी भरत होतो. फळ उतरायला दहा दिवस राहिलेत," तो थकल्या आवाजात म्हणाला. "माशी आहे म्हटलं की माझा माल कोण उचलणार? आणि माशी वाढू नये म्हणून गळलेली फळं पुरायला एकट्याला होतं का?"

"पण मामा, वहीत नाही लिहिली म्हणून माशी जात नाही. ती सगळ्यांच्या बागांत शिरते," नेलिदा म्हणाली. तिला त्याची कीवही आली. "तू सांगितलं असतंस, तर आम्ही आलो असतो पुरायला."

दुसऱ्या दिवशी अख्खा गट फावडी घेऊन आला. मामाच्या दोन रांगांतल्या झाडांवरची फळं गेली, बाकीची वाचली. शेजाऱ्यांच्या बागांना तर धक्काही लागला नाही.

दुपारी गटाच्या प्रमुख उबाल्दिनाकाकू खड्ड्याच्या कडेला आल्या. घामाने निथळणाऱ्या नेलिदाच्या हातातलं फावडं त्यांनी काढून घेतलं.

"आम्हाला जे दिसायला हवं होतं, ते तुम्ही पाहिलंत. शाबास, पोरांनो," त्या म्हणाल्या. "आता सावलीत बसा. उरलेलं आमचं काम आहे."