कणकेतला अंगठा

दिवा असू द्या तसाच, मोठा करू नका. गोष्ट रात्रीची नाहीच. सोलापूरच्या वैशाखातली, टळटळीत दुपारची आहे.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. माझ्याकडे वडिलांची जुनी फियाट होती. वडिलांनी ती देव्हाऱ्यासारखी जपली. मी तिला लाल रंग दिला, दोन कार्ब्युरेटर बसवले आणि असा सायलेन्सर लावला की सात रस्त्यावरचा पोलीससुद्धा वळून बघायचा. तोरा असा, पण तुळजापूरचा घाट लागला की बाईसाहेब धापा टाकायच्या आणि माझी नवी नवरी दाक्षायणी इरकली साडी खोचून मागून ढकलायची. शेवटी तिनं सांगून टाकलं, "अहो, रविवारी माझे आप्पा येणार आहेत अक्कलकोटहून, तुळजापूरच्या देवीच्या दर्शनाला. त्यांच्यादेखत मला उतरून ढकलावं लागलं, तर ही गाडी विकायची. मग मला काही सांगायचं नाही."

माझा सगळा जीव त्या गाडीत. मी तडक सिद्धप्पा मिस्त्रींच्या गॅरेजात गेलो. मिस्त्री आदल्या वर्षीच वारले होते. गॅरेज आता त्यांचा शागीर्द धुळाप्पा चालवायचा आणि मागच्या खोलीत मिस्त्रींची बायको कस्तुराबाई राहायची. आम्ही सगळे तिला अव्वा म्हणायचो.

धुळाप्पा म्हणाला, "हेड घासू या की अण्णा. कॉम्प्रेशन वाढलं की घाट कसा चढत न्हाय बघतो."

इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खालून घासलं की सिलिंडरमधली जागा कमी होते, हवा-पेट्रोल जास्त दाबलं जातं आणि जोर वाढतो. पण हावरटपणानं जास्त घासलं तर व्हॉल्व्ह खाली येऊन पिस्टनलाच ठोकतो, आणि मग भर घाटात इंजिनाचा चुरा. मी हावरट होतोच. "अजून थोडं घास," असं मी दोनदा म्हणालो आणि धुळाप्पानं घासलं.

किती जागा उरली हे बघायची मिस्त्रींची एक रीत होती. अव्वानं मळलेल्या कणकेचा गोळा ते पिस्टनवर डाव्या अंगठ्यानं थापायचे, हेड कसायचे, हँडलनं इंजिन सावकाश फिरवायचे आणि हेड परत उघडायचे. कणकेत व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला असायचा. ठशाखाली कणीक जाड उरली तर गाडी सुखरूप. तो अंगठा इंजिनाच्या पंख्यात सापडून मधोमध चिरला होता. त्यामुळं कणकेत त्याची खूण उमटायची ती गव्हाच्या दाण्यासारखी, मध्ये चीर असलेली.

त्या शनिवारी अव्वाकडे गहूच नव्हता. "रेशनवर आलाच न्हाय रे. ज्वारी हाय, चालंल का?"

"चालतंय की, पीठ ते पीठ," धुळाप्पा म्हणाला. सोलापूरचा माणूस, ज्वारीवर त्याचा विश्वास. पण ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कुठला? हेड उघडलं तर ठशाचा पार भुगा झालेला. धुळाप्पानं भुग्याकडे बघून अंदाज केला, "लई जागा हाय," असं म्हणत पिस्टन लख्ख पुसला आणि हेड कायमचं कसून टाकलं. गॅरेजला कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला अडकवली आणि आम्ही मागं अव्वाच्या ओसरीवर जेवायला बसलो.

बाहेर चिटपाखरू नव्हतं. पत्रे तापून तडतडत होते. मी शेंगाचटणीकडे हात नेला आणि तेवढ्यात बंद गॅरेजातून आवाज आला.

कर्र… मग थांबून, कर्र…

कुणीतरी हँडल फिरवत होतं. अगदी सावकाश, कान देऊन.

"मांजर असंल," धुळाप्पा पुटपुटला. पण त्याचा घास हातातच राहिला. मांजर हँडल फिरवत नाही हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

अव्वा चुलीपुढून उठली नाही. तव्यावरची भाकरी करपत होती. "अर्धा फेरा… मग थांबायचं…" ती हळूच म्हणाली. "ह्ये मालकांचं फिरवनं हाय रे."

आवाज थांबल्यावरच आम्ही उठलो. खोटं कशाला सांगू, पुढं कुणी व्हायचं यावर आमची बरीच ढकलाढकल झाली. कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडलं तर त्या भट्टीसारख्या गॅरेजात ऑइलचा नव्हे, नुकत्या मळलेल्या कणकेचा वास भरला होता. सगळे बोल्ट घट्ट होते. धुळाप्पानं हँडलला हात लावला, जरा फिरवलं, आणि आत काहीतरी पचकलं.

"अण्णा… आत काय तर हाय…"

त्यानं हेड उघडलं. लख्ख पुसलेल्या पिस्टनवर पांढरीशुभ्र गव्हाची कणीक थापलेली होती. व्हॉल्व्हच्या ठशाखाली ती कागदासारखी पातळ झाली होती, पलीकडचं दिसावं इतकी. आणि कडेला एक अंगठा उमटला होता. मधोमध चिरलेला.

धुळाप्पानं पाना खाली ठेवला. "चुकलो उस्ताद," असं म्हणून त्यानं आधी कान धरले आणि मग आतली जागा वाढवायला हेडखाली तांब्याचं जाड गॅस्केट बसवलं. ठिणगीचं टायमिंगही थोडं मागं घेतलं. मी या वेळी 'अजून थोडं' म्हणालो नाही.

रविवारी गाडी घाट अशी चढली की मागच्या सीटवर आप्पा भजन म्हणायला लागले. दाक्षायणी राणीसारखी पुढं बसली होती. नेहमीचं वळण आलं तेव्हा सवयीनं तिचा हात दाराच्या कडीवर गेला, मग तिनं तो काढून घेतला आणि माझ्याकडे बघून हसली. मला तर आनंदानं रडूच यायचं बाकी होतं.

माथ्यावर इंजिन निवावं म्हणून मी बॉनेट उघडलं. तापलेल्या हेडवर तळहाताएवढी पोळी होती. खमंग, फुगलेली, आणि मधोमध एक चीर.

"जावईबापू, इंजनावर पोळ्या भाजताय व्हय!" मागून आप्पा आले आणि मी अडवेपर्यंत एक तुकडा तोडून त्यांनी तोंडात टाकलासुद्धा.

"आप्पा, दर्शनाआधी?" दाक्षायणी ओरडली.

"बरी हाय की," आप्पा चघळत म्हणाले. "पर मीठ इसरलाय बगा."

सोमवारी मी हे अव्वाला सांगितलं. ती पदरानं डोळे पुसत हसली. "डाक्टरनं मीठ बंद केलतं त्येंचं. शेवटी शेवटी सगळं आळणीच करत हुते मी."

गाडी अर्थातच विकली नाही. बॉनेट उघडायच्या आधी मी जरा खाकरतो, एवढंच. बहुतेक वेळा आत काही नसतं.