स्वरपट्टी

तीस मुलांचा आवाज एकाच क्षणी उठला, एकाच क्षणी थांबला आणि तीस उजवे हात एकाच कोनात वर गेले. गव्हाणे सरांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापक झाल्यापासून ते कशालाही टाळ्या वाजवत. पण या वेळी तांदळेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जिंतूरच्या या शाळेत सांघिक काव्यवाचन बाईच शिकवत. त्यांची एक पद्धत होती. मुलं खांद्याला खांदा लावून, डोळे मिटून उभी राहायची. एक-दोन-तीन म्हणायचं नाही, टाळी द्यायची नाही. शेजारच्याची छाती श्वासानं फुगली की आपणही श्वास घ्यायचा आणि ओळ उचलायची. हे जमायला महिने लागत. मग सरांनी स्वरपट्टी आणली. बोटभर रुंद, गळ्याभोवती बांधायची. तिच्यातून विजेचे हलके झटके निघत आणि कंठाचे स्नायू ठरल्या ठोक्याला हलत. मनगटावरची दुसरी पट्टी हात उचलून देई. मुलं पंधरा दिवसांत तयार झाली. स्पर्धेत गुण देणारं यंत्रही आता एकसारखेपणाच मोजत होतं, तेव्हा सरांचं तसं काही चुकलं नव्हतं. बाईंना त्याचाच जास्त संताप येत होता.

एकदा तरी पट्ट्या काढून म्हणू द्या, असा हट्टच त्यांनी धरला. उद्यावर स्पर्धा आलीय, कशाला नसते उद्योग, म्हणून सर कुरकुरले आणि अखेर हो म्हणाले.

पट्ट्या उतरल्या. मुलं उभी राहिली आणि उभीच राहिली. गळ्यात गुदगुली होण्याची वाट बघत होती. शेवटी कुणीतरी सुरुवात केली, मागून बाकीची आली, जो तो आपापल्या चालीनं. कविता पाण्याखाली गेलेल्या गावाची होती. ‘धरणाखाली देऊळ आमचं’ या ओळीवर शाल्मली अडकली.

शाल्मली दुधाळ लहानपणापासून अडखळे. दुकानात पेन्सिल मागायची तरी घामाघूम व्हायची. पण चारचौघांच्या आवाजात आवाज मिसळला की जीभ सुटते, हे वाचातज्ज्ञही सांगतात. बाईंच्या रांगेत ती दोन वर्षं मोकळी बोलली होती. शेजारच्या मुली तिला अडखळायच्या आतच सांभाळून घेत. आज ती “ध... ध...” करत राहिली आणि बाकीच्यांनी कविता संपवून तोंडं मिटली. कुणी हसलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

“बघितलंत मॅडम?” सर म्हणाले. “म्हणून पट्टी लागते.”

“पट्टीमुळेच झालंय हे, सर. तुम्ही मुलांना आवाज दिलात आणि कान काढून घेतलेत.”

नाकापेक्षा मोती जड झालाय, असं बाईंनी सरांना तोंडावर सुनावलं. उद्या मुलं पट्टीशिवाय उतरतील, हरली तर हरली, हेही सांगून टाकलं.

तेवढ्यात शाल्मली पुढे आली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“म-मला विचारलंत का, बाई? उद्या मी अ-अडकले तर हे थ-थांबणार नाहीत. ऐ-ऐकायचंच विसरलेत. तुमचं ख-खरं होईल, आणि स्टेजवर मी ए-एकटी.”

बाईंनी रांगेकडे पाहिलं. मुलांना पुन्हा ऐकायला शिकवता आलं असतं, पण उद्यापर्यंत नाही. इतका वेळ त्या सरांवर चिडल्या होत्या, यंत्रावर चिडल्या होत्या. आता चिडायला स्वतःशिवाय कुणी उरलं नव्हतं.

शाल्मलीनं पट्टी उचलून गळ्याला बांधली. डोळ्यांत पाणी होतं, मुठी वळलेल्याच होत्या. मग ती बोलली, पट्टीच्या ठोक्यावर एकेक शब्द टाकत, एकही अक्षर न अडता, मापात बसवलेल्या गुळगुळीत आवाजात.

“बाई, मी तुमच्यावर खूप रागावले आहे. माझ्या आवाजावरून ते कळतंय का?”