तुगेलाचा पूल

ल्वाझीला घरी आणायला मामबाथा सकाळच्या मिनीबस टॅक्सीने शहरात गेली. मुलाला पुरून तीन महिने झाले होते. पण जीव गेला शहरातल्या इस्पितळात, आणि माणूस जिथे शेवटचा श्वास सोडतो तिथेच त्याचा आत्मा खोळंबून राहतो. मग घरच्या कुणीतरी बोरीच्या जातीची काटेरी फांदी घेऊन त्याला बोलवायला जायचं. परतताना वाटेतली प्रत्येक नदी त्याला सांगायची, आणि जिवंत माणसाशी अवाक्षर बोलायचं नाही. बोललं, की तो वाटेतच राहतो.

बाकीच्यांशी बोलायला पुतण्या सोबत येणार होता. तो नेमका तापाने आडवा झाला. तेव्हा बालवाडीत वर्षभर शिकवायला आलेली नॉर्वेची सिग्ने पुढे झाली.

"मी येते, मा. तुमच्या वतीने मी बोलेन."

पोरीची झुलू म्हणजे नुकत्याच चालायला लागलेल्या बाळाची चाल, चार पावलं आणि धप्प! पण मनाची फार चांगली होती.

"चल," मामबाथा हसून म्हणाली. "तुझं बोलणं ऐकून ल्वाझी हसतहसत येईल."

वॉर्डात ल्वाझी गेला ती खाट रिकामीच होती. नर्सने पडदा ओढून दिला. मामबाथाने फांदी उशीला टेकवली.

"ल्वाझी, बाळा, मी आलेय. ऊठ, घरी जाऊ."

फांदी हातात जड झाली. मामबाथाला रडू आवरेना.

स्टँडवर सिग्नेने तीन जागा मागितल्या, तिसरी ल्वाझीची. ड्रायव्हरने फांदी पाहिली आणि टोपी काढली. मग सिग्नेकडे बघून हळूच म्हणाला, "काय गं, मामबाथाची जीभ आज परदेशातून मागवली वाटतं?" गाडीतले सगळे हसले. दोघी शेवटच्या बाकावर बसल्या, खिडकीशी फांदी.

"ही उम्गेनी, बाळा. पूल ओलांडतोय." नंतर बऱ्याच वेळाने, "ही उम्वोटी."

दुपार चढली. गाडीत ऊन साचलं, लोक पेंगू लागले. कुठून तरी नदीच्या गाळाचा ओला वास यायला लागला. मग मामबाथाच्या मानेपाशी एका बाईचा आवाज आला. अगदी मायेचा.

"किती दमलीस गं... तीन महिने डोळ्याला डोळा नाही तुझ्या. नीज जरा. तुगेला आली की मी सांगते त्याला..."

मामबाथाने वळून पाहिलं नाही. नको म्हणावं, तर तोंड उघडायची बंदी. आणि इतक्या आपुलकीने कुणी बोललंच नव्हतं तिच्याशी, तीन महिन्यांत. तिने मान डोलावली.

गावाच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा तिला जाग आली. फांदी उचलली, तर ती नुसतं वाळकं काटूक असल्यागत हलकी होती.

"मा," गाडी निघून गेल्यावर सिग्ने म्हणाली, "तुगेलाच्या मोठ्या पुलावर तुम्ही झोपला होतात. मला वाटलं, उठवू नये..."

"मागच्या बाईने सांगितलं ना त्याला?" मामबाथाच्या तोंडून निघून गेलं.

"मागच्या? मा, आपल्या मागे तर नुसती काच होती."

फांदी छातीशी धरून मामबाथा आल्या वाटेने पुलाकडे चालू लागली. सिग्ने मागोमाग धावली. त्या पोचल्या तेव्हा ऊन अजून पिवळं होतं. पुलावर चिटपाखरू नव्हतं, आणि खाली पाणी सावकाश चाललं होतं.

"ल्वाझी! बाळा, ही तुगेला! मी, तुझी आई... चल घरी!"

काहीच नाही. कठड्यावर ओणवून तिने पुन्हा जिवाच्या आकांताने हाक मारली. खालचं लव्हाळं एकाच जागी जरासं हललं. सिग्नेने तिचा हात घट्ट धरला. लव्हाळ्यातून आलेला तोच मायेचा आवाज तिनेही ऐकला होता.

"हळू बोल गं, बाई... आत्ताच निजलाय माझा."