जिवंत झिंगे

"माया नवऱ्यानं जहर नाही टाकलं, बाई," रेवताबाई दारातूनच म्हणाली. "तरी कोंडून ठेवलं त्याले. दुपारी पोलीस येऊन राहिले. त्याच्या आधीच लोक जीव घेतील जी त्याचा."

सन अठ्ठ्याहत्तरचा चैत्र. भंडाऱ्याच्या कॉलेजात वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून सुलोचनाबाई आता खासगी तपास करत. सोबतीला इश्वर, एसटीचा निवृत्त कंडक्टर. माणसं त्याला बरोबर कळत. रसायन म्हटलं की मात्र त्याचं डोकं चालेनासं होई.

रेवताबाईचं गाव आंबागडाकडचं. काल सकाळी तिथल्या तलावातले सगळे मासे उलटे तरंगत होते, आणि तिच्या झोपडीत एंड्रिन या कीटकनाशकाची अर्धी बाटली सापडली. महिन्यापूर्वी मच्छीमार संस्थेनं तिच्या नवऱ्याला, मंगरूला, काढून टाकलं होतं. तेव्हा तो चारचौघांत ओरडला होता, "मले नाही, तं कोणालेच नाही!"

जीपमध्ये इश्वरनं विचारलं, "मासे मेले, विष सापडलं. मग शोधायचं काय, बाई?"

"रसायनशास्त्राच्या शाखा आहेत, इश्वर, आणि प्रत्येकीचा प्रश्न निराळा. एंड्रिन हे कार्बनचं संयुग, म्हणजे सेंद्रिय शाखेचं. मोरचूद असेंद्रिय शाखेचं. पाण्यात हवा किती विरघळली, फेस का धरला, हे भौतिक शाखा पाहते. रक्तात काय बिघडलं ते जीवरसायन सांगतं. आणि नमुन्यात नेमकं काय नि किती आहे, ते वैश्लेषिक शाखा ठरवते. एक बाटली सापडली म्हणून बाकीच्यांना गप्प बसवायचं का?"

इश्वरनं मान हलवली. कळलं होतं निम्मंच.

तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, दुर्गंधी सुटली होती. रोहू, कतला, सगळे फुगलेले. पाळीखालच्या शेतीचे मालक पुंडलिकराव पोरांना हाकलत होते. "हात लावू नका रे! एंड्रिन आहे!" पलीकडच्या घाटावर त्यांचा गडी डोमा बैलांना पाणी पाजत होता.

सुलोचनाबाई काठाशी बसल्या. गवताच्या मुळांत झिंगे, गोड्या पाण्यातली कोळंबी, टुणटुण उड्या मारत होते. त्यांनी बाटलीत पाणी भरून जोरानं हलवलं. वर आलेला फेस कितीतरी वेळ बसला नाही.

संस्थेचा अध्यक्ष आसाराम रात्रभर झोपला नव्हता. "बोटाएवढं बीज सोडलं होतं, बाई. पोरावानी वाढवलं. मंगरूच्या थोबाडीत मीच मारली."

"बाटली कोणाला सापडली?"

"डोमाले."

पुंडलिकरावांनी अंगणात खाट टाकून चहा दिला. कुंपणावर रिकामी पोती वाळत होती. इश्वरनं एकाला हात लावला. पोतं आतून ओलं होतं, हाताला मोहाचा कडवट वास लागला.

"मोहाची ढेप. तेल काढल्यावर उरते ते," पुंडलिकराव म्हणाले. "धानाले खत."

"टाकली शेतात?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"परवाच."

"पण शेत तर भेगाळलंय."

"तुडूम, तलावाचं पाणी सोडायचं दार, बंद आहे ना! मासे निघाल्याबिगर संस्था पाणी सोडत नाही. माया उन्हाळी धान जळून राहिला. आता सोडतील."

ग्रामपंचायतीच्या खोलीत मंगरू भिंतीला टेकून बसला होता. ओठ फाटलेला. "रागात बोललो जी," एवढंच तो म्हणाला. बाहेर गर्दीचा आवाज चढत होता. कोणीतरी दारावर काठी आपटली.

सुलोचनाबाईंनी दार उघडलं आणि थेट ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"दहा मिनिटं द्या. मग तुम्ही ठरवा."

त्यांनी दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत तलावाचं. दोन्हींत, साध्या पाण्यानंच पेशी फुटू नयेत म्हणून, सारखंच मीठ, आणि नुकत्याच कापलेल्या कोंबडीच्या रक्ताचे चार-चार थेंब. लोक पुढे सरकले. थोड्या वेळानं पहिली नळी गढूळच राहिली. दुसरीतलं पाणी मात्र लाल काचेसारखं आरपार दिसू लागलं.

"तलावातल्या विषानं रक्ताच्या पेशी फोडल्या. एंड्रिन असं करत नाही, ते मज्जातंतूंवर घाव घालतं. आणि एंड्रिन असतं तर झिंगे आधी मेले असते. ते तर जिवंत आहेत! साबणासारखा फेस धरणारं, माशांचं रक्त नासवणारं, पण झिंग्यांना सोडून देणारं द्रव्य मोहाच्या ढेपेत असतं."

"ढेप तं गावात कोणाच्याही घरी असते," पुंडलिकराव म्हणाले.

"असते. पण खत म्हणून टाकलेल्या ढेपेची पोती आतून भिजत नाहीत. तुमची भिजलेली आहेत, आणि शेताला पाण्याचा थेंब नाही. ती तलावात बुडवली होती. मासे मेले की तुडूम उघडणार. पण पाणी धानाला चालायला हवं, म्हणून एंड्रिन नको होतं. ते फक्त मंगरूच्या झोपडीसाठी." त्यांनी तलावाकडे बोट केलं. "पुंडलिकराव, पोरांना तुम्ही हात लावू देत नव्हता. मग तुमचेच बैल ते पाणी कसे पीत होते?"

गर्दीतून डोमा पुढे आला. "मालकानं सांगतलं," तो पुटपुटला. "पोती मीच बुडवली. बाटलीबी मीच ठेवली."

पुंडलिकराव मागे सरले, पण मागे गर्दी होती. आसाराम त्यांच्यावर धावून गेला. इश्वरनं त्याला कव घालून धरलं. पोलिसांची गाडी येईपर्यंत त्यानं मिठी सोडली नाही.

पुंडलिकराव आणि डोमा गाडीत बसले. आसाराम मंगरूसमोर येऊन उभा राहिला.

मंगरूनं ओठावरचं रक्त पुसलं. "मेलेले मासे सांजपर्यंत काढा लागतील," तो म्हणाला. "नाहीतं झिंगेबी मरतील. चाल, जाळ्याचं दुसरं टोक मी धरतो."