थेंब कोण घालणार?

शाळेच्या हॉलमध्ये बाकांवर सगळी म्हातारी माणसं डोळे मिटून बसली होती. महापालिकेनं ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत डोळे तपासणीचं शिबिर भरवलं होतं. नर्सनं प्रत्येकाच्या डोळ्यांत औषध घालून बजावलं होतं, हाक मारेपर्यंत उघडायचे नाहीत.

शेजारी सून सई बसली आहे अशा समजुतीनं कालिंदीबाईंनी मांडीवरची पिशवी बाजूला सरकवली. “धर गं जरा. पदर नीट करते.”

“धरली की,” भरदार पुरुषी आवाज आला.

कालिंदीबाईंनी दचकून डोळे उघडले. समोर सगळं धुरकट... त्यात पांढऱ्या मिशा तेवढ्या दिसल्या.

“मिटा, मिटा. नर्सबाई ओरडतील,” मिशा म्हणाल्या.

“मी उघडले हे तुम्हाला कसं कळलं?”

“मीबी चोरून बघतोय न्हवं...”

कालिंदीबाईंना हसू आवरेना. नवरा गेल्यापासून परक्या पुरुषाच्या बोलण्यावर त्या अशा हसल्याच नव्हत्या. सई पाणी आणायला गेली होती. ती परत येईपर्यंत दोघांची चांगली ओळख झाली. ते अण्णासो, गडहिंग्लजचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बायको वारली, मुलगा नाशिकला. कालिंदीबाई पालिकेच्या शाळेत बालवर्गाला शिकवून निवृत्त झालेल्या.

“बागेत पालिकेनं विरंगुळा केंद्र काढलंय आमच्यासारख्यांना,” अण्णासो म्हणाले. “पेपर असत्यात, कॅरम हाय, मंगळवारी नर्स येऊन बीपी बघती. या की बाई.”

“मला घरी कामं असतात.”

“कामं काय कुठं पळून जात्यात?”

दुसऱ्या दिवशी कालिंदीबाई आकाशी साडी नेसून केंद्रात हजर झाल्या.

मग ते रोजचंच झालं. अण्णासोंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला होता, पेपरची अक्षरं त्यांना पोहल्यासारखी दिसायची. म्हणून कालिंदीबाई मोठ्यानं वाचायच्या. ते ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, “उसाची बातमी पण तुमच्या तोंडून गोड लागती.” बाहेर बागेचा माळी पाणी मारायचा, ओल्या मातीचा वास आत यायचा, आणि कालिंदीबाईंची ओळ चुकायची.

अशातच एके दिवशी मीनाबाई केंद्रात आल्या.

मीनाबाई तहसील कार्यालयातून निवृत्त झालेल्या. केस कापलेले, गॉगल, हसणं रस्त्यापर्यंत ऐकू जाणारं. कॅरममध्ये त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना हरवलं. अण्णासोंना सोंगट्या नीट दिसत नव्हत्या, तर त्यांचा हात धरून त्यांनी नेम लावून दिला.

हात धरून. कालिंदीबाईंनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

सगळ्यात वाईट म्हणजे बाई चांगली होती. चिमणाबाई नावाच्या निराधार म्हातारीला श्रावणबाळ योजनेची पेन्शन मिळेना, तर मीनाबाईंनी तिच्याबरोबर कचेरीत हेलपाटे घालून काम करून दिलं. अशा बाईचा राग तरी कसा करायचा? कालिंदीबाईंनी तो मनापासून केला.

केंद्राची सहल कळंब्याच्या तळ्यावर गेली. बसमध्ये मीनाबाई अण्णासोंच्या शेजारी बसल्या. मागच्या बाकावरून कालिंदीबाईंना जाताना आणि येताना त्या दोघांच्या पाठी तेवढ्या दिसल्या. तळ्याकाठी गार वारा होता, डब्यात स्वतः केलेलं भडंग होतं... पण डबा त्यांनी उघडला नाही.

“बाई, आज गप का?” अण्णासोंनी विचारलं.

“तुमचा डाव रंगात आलाय. मध्ये कशाला बोलू?”

“कुठला डाव? कॅरम कुणी आणलाच न्हाय की.”

“तुम्ही कुठला खेळताय ते मला काय माहीत.”

ते मिशीतल्या मिशीत हसले. कालिंदीबाई तिथून उठून गेल्या.

मंगळवारी नर्सनं त्यांचं बीपी बघितलं आणि भुवया उंचावल्या. “आजी, घरात काही ताण आहे का?”

“घरात नाही,” कालिंदीबाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी केंद्रात जाणं बंद केलं.

पण अण्णासोंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पालिकेच्या दवाखान्यात आहे, हे चिमणाबाईकडून कळलं तेव्हा त्यांना राहवेना. ‘लांबून बघून येते,’ असं स्वतःलाच सांगून त्या गेल्या. वॉर्डात अण्णासो डोळ्याला पट्टी बांधून कॉटवर बसले होते. शेजारी मीनाबाई मोसंबं सोलत होत्या.

सिस्टर आली. “उद्यापासून रोज थेंब घालावे लागतील. वेळ चुकवून चालणार नाही. घरी कोण आहे?”

“कुणी न्हाय,” अण्णासो म्हणाले.

“मी घालते की. त्यात काय,” मीनाबाई म्हणाल्या.

“नाही.” दाराशी उभ्या असलेल्या कालिंदीबाईंचा आवाज सगळ्या वॉर्डानं ऐकला. “मी घालणार.”

सिस्टरनं दोघींकडं पाहिलं. “तुम्ही कोण यांच्या?”

बाकीच्या कॉटवरची माणसंही आता टक लावून बघत होती. कालिंदीबाईंचे कान तापले.

“अजून कुणी न्हाईत,” अण्णासो शांतपणे म्हणाले. “पण व्हाव्यात असं माझ्या मनात हाय. बरेच दिस झाले. बाईंच्या मनात असंल तर.”

“आहे,” कालिंदीबाई म्हणाल्या. इतक्या हळू, की सिस्टरला “काय?” म्हणून विचारावं लागलं.

मीनाबाईंनी सोललेलं मोसंबं बशीत ठेवलं, हात पुसले. “थेंब घालायच्या आधी हात साबणानं धुवा,” एवढंच बोलून त्या गेल्या. जिन्यावरून त्यांची पावलं सावकाश उतरताना ऐकू आली, आणि जिचा इतका राग केला तिच्यासाठी कालिंदीबाईंना पहिल्यांदाच वाईट वाटलं.

संध्याकाळी त्यांनी सईला सगळं सांगितलं. सई कणीक मळत होती.

“रोज कुठली साडी नेसू असं विचारायला लागलात, तेव्हाच मला कळलं, आई,” ती म्हणाली. “तुमच्या लेकाला मी सांगते. दोन दिवस आदळआपट करतील. करू देत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सईनंच त्यांना अण्णासोंच्या घरी पोचवलं. कालिंदीबाईंनी साबणानं हात धुतले, बाटली हलवली. थेंब पडला, तशी अण्णासोंनी पापणी मिटली.

“एक विचारू?” कालिंदीबाईंनी म्हटलं. “मी आले नसते... तर त्यांच्याकडून घालून घेतले असते?”

अण्णासोंनी विचार केला. “घेतले असते की. डोळा जाऊन कसं चालंल?”

कालिंदीबाईंनी बाटलीचं झाकण जरा जास्तच घट्ट लावलं.

“पण डावा हाय अजून,” मिटल्या डोळ्यांनी ते म्हणाले. “त्याचं ऑपरेशन पुढं हाय. त्याला तुम्हाला बोलावलं असतं.”

“काही वाटण्या करायच्या नाहीत,” कालिंदीबाई म्हणाल्या. “डावा आणि उजवा... दोन्ही माझ्याकडं.”