राखणदाराचा वाटा

पटो वा न पटो, पण हे माझ्या मावसबहिणीच्या, अनुजाच्या घरी घडलंय. गेल्या मे महिन्यात, शिरोड्यात. अमावस्या होती आणि वेळ भर दुपारी बाराची.

भुतं रात्रीच फिरतात म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे येऊन बघावं.

अनुजाच्या सासरी कोकमाचा कारखाना. ऑनलाइन विक्रीसाठी तिने सगळा माल सॉफ्टवेअरमध्ये चढवला. प्रत्येक वस्तूची एक नोंद. नाव, वजन, फोटो. त्या यादीवरूनच माल भरायचा.

त्यातच एक नोंद होती... 'राखणदाराचो वाटो'.

प्रत्येक खेपेची पहिली बाटली कारखान्यामागच्या वडाखाली राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला ठेवायची, ही तिच्या सासऱ्यांची, परशुरामांची शिस्त. नोंदही त्यांनीच हट्टाने करून घेतलेली. फोटोत वडाखालची बाटली.

अनुजाला नीटनेटकेपणाचं भारी वेड. विकायचीच नाही ती वस्तू यादीत कशाला?

"गो, ती पुसू नको. तो वाटो आपलो नाय," सासरे म्हणाले.

"बाबा, बाटली ठेवूया. नोंद कशाक होयी?"

तिने नोंद पुसली.

माल यादीप्रमाणे भरला गेला. वाटा यादीत नव्हता, म्हणून बाटली काढायची राहिलीच.

बाराला तिचा नवरा सर्वेश माल घेऊन वेंगुर्ल्याला निघाला.

थोड्या वेळाने कोंबड्या गप्प झाल्या. मग माडांची सळसळ. मग समुद्राची गाजसुद्धा...

आणि पडद्यावर ती नोंद परत आली.

अनुजाने पुसली. पुन्हा आली.

तिने फोटो उघडला... वड तोच. बाटली नव्हती.

त्या जागी सर्वेश बसला होता. पाठमोरा. अंगात आजचाच शर्ट.

तिने सर्वेशला फोन लावला.

रिंग वाजली... कारखान्याच्या मागे.

ती धावत सुटली. सर्वेश वडाखाली मांडी घालून बसलेला. गाडी हमरस्त्यावर, इंजिन चालू.

"मी हंयसर कसो इलंय, माकाच कळाक नाय गो!"

सासऱ्यांनी बाटली ठेवली. गाऱ्हाणं घातलं, "चुकला-माकला पदरात घे, म्हाराजा!"

तेव्हा कुठे समुद्र ऐकू आला.

ती नोंद अजून आहे. अनुजा रोज सकाळी आधी तीच उघडते. फोटोत बाटली दिसली, तरच सर्वेशला गाडीची किल्ली देते.

काल तिने किल्ली दिली नाही.

का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.